डिकीतल्या दोन खुर्च्या

"आधी पाहून तर घ्या," असं म्हणत ते गाडीची डिकी उघडायचे आणि आतून घडीची खुर्ची काढायचे. एक नाही, दोन. हिरव्या कापडाच्या, हाताशी कॉफीचा कप ठेवायला जाळीचा खिसा असलेल्या, आणि बसलं की किंचित डावीकडे कलणाऱ्या. एक स्वतःसाठी उलगडायची, दुसरी समोरच्यासाठी. समोरच्याला वेळ आहे का, त्याला मुळात बसायचं आहे का, हे विचारायची पद्धत नव्हती.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते प्लेनोतल्या आमच्या ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये. टेक्सासची दुपार, तापलेलं डांबर, सगळं ऑफिस एसीत जेवायला बसलेलं. आणि हे गृहस्थ इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, गळ्यात आयकार्ड अडकवून, कडेच्या एका मरतुकड्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले. मला वाटलं, गाडी बंद पडली असणार. मदत करावी म्हणून जवळ गेले तर माझ्या आयकार्डावरचं आडनाव वाचून म्हणाले, "मराठी का? बसा."

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. या मुंग्या त्या पांढऱ्या गाडीच्या टायरवर काऊन चढून राहिल्या, ते पाहतो आहे."

मी बसले नाही. माझी एक वाजताची मीटिंग होती. पण तुम्हाला खरं सांगते, त्या मीटिंगभर माझ्या डोक्यात मुंग्याच होत्या.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. कामात चोख, बाकी बाबतीत सगळ्यांच्या चेष्टेचा विषय, आणि तो सुट्टीवर गेला की जेवणाचं टेबल रिकामं वाटायला लावणारा. आम्ही सगळे तिशी-पस्तिशीतले, ते पन्नाशी ओलांडलेले, म्हणून आमचे 'काका'. त्यांना ही हाक पसंत नव्हती. "काका म्हणू नका रे. मॅनेजरला मराठी समजत नाही, पण सूर समजतो," असं कुरकुरायचे आणि पुढच्याच हाकेला ओ द्यायचे. मूळचे नागपूरचे. टेक्सासच्या ज्या उन्हात आम्ही पार्किंगपासून दारापर्यंत पळत सुटायचो, त्या उन्हाला ते 'कोवळं' म्हणायचे.

त्यांचं काम टेस्टिंगचं. आम्ही प्रोग्राम लिहायचे आणि त्यांनी त्यातल्या चुका शोधायच्या. प्रत्येक चुकीची नोंद ठरावीक पद्धतीने व्हायची. काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. एक्स्पेक्टेड आणि ॲक्च्युअल, हे दोन शब्द त्यांच्या तोंडात इतके बसले होते की कॅंटीनमधल्या सांबारालाही ते लावायचे. आणि एक नियम होता. दुसऱ्याच्या शब्दावर बग क्लोज करायचा नाही, म्हणजे चूक दुरुस्त झाली असं स्वतः पाहिल्याशिवाय लिहायचं नाही.

एका शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्या डेस्कपाशी जाऊन उभी राहिले. बॅग खांद्यावर, नवरा खाली गाडीत.

"काका, फिक्स केलंय. क्लोज करा ना, प्लीज. वीकेंडला निघायचंय."

"केलं असशील. तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे."

"मग?"

"मग आधी पाहून तर घेतो."

पाहिलं, आणि अर्थातच त्यात नवीन काहीतरी निघालं. असे माझे बरेच शुक्रवार त्यांनी खाल्ले आहेत. चिडून मी एकदा म्हटलं, "काकू तुम्हाला सहन कशा करतात?" तर स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाले, "तिचे बग मी काढत नाही. माझे ती काढते. म्हणून टिकलं."

काकूंची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या फ्रिस्कोच्या घरी, सांबारवड्या, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवड्या, खाताना. घरात दोघंच. काकू गोल चेहऱ्याच्या, मोठ्या आवाजाच्या, हातात कायम सोन्याच्या जाड पाटल्या. भांडी घासतानासुद्धा त्या काढायच्या नाहीत. खुर्च्यांची गोष्ट मला त्यांनीच सांगितली.

अमेरिकेतलं त्यांचं पहिलंच वर्ष. मे महिन्याच्या शेवटचा लाँग वीकेंड. ओळखीचे सगळे कॅसिनो बघायला निघालेले, तर यांनी ठरवलं, आपण न्यू मेक्सिकोत जाऊ, तिकडे गर्दी नसते. गर्दी नव्हती हे खरंच. कुठलासा शॉर्टकट म्हणून काकांनी मातीच्या रस्त्याला गाडी घातली आणि डोंगरांच्या दोन रांगांमधल्या एका रुंद कोरड्या मैदानात ती बंद पडली. फोनला रेंज नाही, सावलीला झाड नाही, नजर जाईल तिथपर्यंत माणूस नाही.

"मी तर मनातल्या मनात माहेरच्या सगळ्यांचा निरोप घेऊन टाकला," काकू म्हणाल्या. "आणि तेवढ्यात आवाज आला. कुणीतरी गाडी स्टार्ट करून राहिलं, ती घर्र घर्र करते आणि बंद पडते. परत घर्र घर्र. मी म्हटलं, अहो, तिकडे कुणीतरी आहे, त्याचीही गाडी बंद पडली. चला, दोघं मिळून तरी काही कराल."

दोघं झुडपांतून वाट काढत आवाजाच्या दिशेने गेले. तिथे माणसाच्या उंचीचा एक काटेरी निवडुंग होता आणि त्याच्या शेंड्यावर बसून एक ठिपक्याठिपक्यांचा तपकिरी पक्षी तो आवाज काढत होता. निवडुंगाच्या काट्यांमध्येच त्याचं गवताचं घरटं होतं, आडव्या ठेवलेल्या सुरईसारखं.

काकू आधी रडल्या आणि मग हसत सुटल्या. डिकीत कुणाच्या तरी बार्बेक्यूसाठी घेतलेल्या दोन खुर्च्या होत्या, त्या गाडीच्या सावलीत टाकून दोघं बसले. संध्याकाळी एक पिकअप आला आणि त्यांना ओढून गावात घेऊन गेला. तोपर्यंत बसून होते.

"त्या एका दिवसात हे माझ्याशी जेवढे बोलले ना," काकू पाटल्या मागे सारत म्हणाल्या, "तेवढे लग्न झाल्यापासून बोलले नव्हते. मला तर वाटतं, आमचं खरं लग्न तिथेच झालं."

काका स्वयंपाकघरातून चहा आणत होते. "साक्षीला मेकॅनिक होता," एवढंच म्हणाले. त्या पक्ष्याचं नाव त्यांनी मेकॅनिक ठेवलं होतं.

तेव्हापासून दर मे महिन्यात ते दोघं त्या जागी जायचे. दहा-अकरा तासांचा ड्राइव्ह, गावातल्या मोटेलमध्ये मुक्काम आणि दिवसभर त्या मैदानात दोन खुर्च्या. आम्ही त्यांना यलोस्टोन सुचवलं, हवाई सुचवलं. "तिकडे काय आहे?" असं तेच आम्हाला विचारायचे.

परत येताना ते एका झुडपाच्या काही बारीक डहाळ्या आणायचे. तिथे मैलोन्‌मैल तेच झुडूप पसरलेलं असतं. एका झुडपाची एकच डहाळी घ्यायची, आणि त्यासाठीही त्यांनी सरकारी ऑफिसला फोन करून विचारून ठेवलेलं होतं. डहाळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून जपून ठेवायच्या आणि दसऱ्याला बाहेर काढायच्या. आमच्याकडे देवळात दसऱ्याला आपट्याची पानं म्हणून जाड कागदाचे सोनेरी आकार वाटतात, वर्षानुवर्षं तेच. काका मात्र सगळ्यांना ही वाळवंटातली पानं द्यायचे. नखाएवढं पान, पण नीट पाहिलं तर दोन पाकळ्या बुडाशी जोडलेल्या, हुबेहूब आपट्याचं पिल्लू. वास मात्र उग्र, डांबरगोळ्यांच्या जवळचा. माझ्या मुलीने ते नाकाला लावलं आणि म्हणाली, "आई, धिस गोल्ड स्टिंक्स." काका तिच्याकडे बघून इतके खूश झाले की बास. "करेक्ट. चोरीला जात नाही मग," म्हणाले.

तर या जागेवर एका वर्षी खुंट्या दिसल्या.

ते मे महिन्यातल्या फेरीहून परत आले आणि दोन दिवस पार्किंगमध्ये खुर्ची निघाली नाही. तिसऱ्या दिवशी मीच जाऊन विचारलं. निवडुंगांच्या मधून ओळीने लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या, प्रत्येकीला गुलाबी प्लॅस्टिकची रिबीन. गावात चौकशी केली तेव्हा कळलं की एका कंपनीला तिथे सोनं शोधायचं आहे. आधी रस्ते करायचे, भोकं पाडून बघायचं, आणि मिळालं तर डोंगर फोडून, त्याचा चुरा करून, त्यावर सायनाइडचं पाणी सोडून त्यातून सोनं वेगळं करायचं. जमीन सरकारी, म्हणून परवानगी देण्याआधी लोकांचं म्हणणं मागवलं होतं. कुणीही लिहू शकत होतं.

"कुणीही म्हणजे कुणीही," काका म्हणाले. "मी वाचलं. सिटिझन पाहिजे असं कुठेच लिहिलेलं नाही."

हीच गोष्ट आमच्या लोकांना पटली नाही. अर्विंगला मराठी मंडळाचं पॉटलक होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणलेला. तिथे भाताच्या रांगेत काकांना सगळ्यांनी घेरलं. त्यांचं ग्रीन कार्ड कित्येक वर्षं रांगेत अडकलेलं, व्हिसा नोकरीच्या आधारावर. एकजण कळवळून म्हणाला, "काका, कशाला यार? आपण इथे पाहुणे आहोत. उगाच नावावर काही यायला नको."

"पाहुणा म्हणून कुणाकडे गेलास आणि नळ वाहताना दिसला, तर बंद करतोस की नाही?"

"नळ बंद करणं वेगळं. तुम्ही घरमालकाला भाषण द्यायला निघालाय."

काका मोठ्याने हसले. "हे बरोबर बोललास," म्हणाले आणि त्याच्याच ताटात आपली जिलबी ठेवली. पण विचार काही बदलला नाही. मी स्वतः त्या दिवशी गप्प बसले होते. धनत्रयोदशीला वळं घेणारी, आईशी फोनवर सोन्याचा भाव बोलणारी बाई मी. वाळवंटासाठी कुणाशी वाद घालावा असं मला तेव्हा वाटत नव्हतं. मला फक्त काकांची काळजी वाटत होती.

कंपनीने पर्यावरणाचा एक जाडजूड रिपोर्ट दिला होता. काकांनी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. एका दुपारी त्यांनी मला पार्किंगमध्ये बोलावलं. या वेळी मी मुकाट्याने दुसऱ्या खुर्चीत बसले.

"हे पाहा. इथे लिहिलं, घरटं करणारे पक्षी आढळले नाहीत. आता पाहणी कधी केली ते पाहा."

"जानेवारी."

"जानेवारीत घरटं कोण करतं बाप्पा? हे म्हणजे सुट्टीच्या दिवशी दुकानापाशी जायचं, कुलूप पाहायचं, आणि या दुकानाला गिऱ्हाईक नाही म्हणून लिहायचं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला ऐकला मी. "पाहिलंच नाही यांनी. न पाहता क्लोज केलं."

मग त्यांनी आपलं म्हणणं लिहिलं आणि मला वाचायला दिलं. वाचून मी कपाळाला हात लावला. तो चक्क बग रिपोर्ट होता. काय केलं: दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी या जागी खुर्ची टाकून बसलो. एक्स्पेक्टेड: रिपोर्टप्रमाणे घरटी नाहीत. ॲक्च्युअल: निवडुंगात घरटं, घरट्यात पिल्लं, पिल्लांची आई ओरडते. फोटो जोडले आहेत. गंभीरता: क्रिटिकल. पुन्हा तपासायचं असल्यास: मे महिन्यात या. खुर्ची आणा.

"काका, हे गव्हर्नमेंट आहे. आपली सिस्टिम नाही. पत्र लिहा ना सरळ, डियर सर वगैरे."

"बगला काय माहीत तो कोणाच्या सिस्टिममध्ये आहे," म्हणाले आणि तसंच पाठवून दिलं.

काही आठवड्यांनी त्या गावात जाहीर सुनावणी ठेवली. काका जाणार हे ठरलेलंच होतं. काकूंनी मला फोन केला, "तू पण चल. हे बोलायला लागले की थांबवणारं कुणी पाहिजे." मी रजा टाकली. आळीपाळीने ड्राइव्ह करत आम्ही तिघं गेलो.

शाळेच्या जिममध्ये सुनावणी होती. बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबल, त्यामागे सरकारी अधिकारी, समोर लोखंडी खुर्च्यांवर गावातली माणसं. दारात एका पाटीवर कागद आणि पेन. बोलायचं असेल त्याने नाव लिहायचं होतं. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटा.

आधी गावातला एक तरुण बोलला. टोपी हातात धरून, खाली बघत. गावात काम नाही, त्याचे सगळे मित्र शहरात गेले, त्याला बायको-मुलासह इथेच राहायचं आहे, खाण आली तर राहता येईल. एवढंच. त्याच्या बोलण्यात खोट काहीच नव्हती. काका पुढे झुकून ऐकत होते. तो जागेवर परत जाताना यांनी मान हलवून त्याला दाद दिली. मी मनात म्हटलं, नक्की कुणाच्या बाजूने आलोय आपण?

मग काकांचं नाव पुकारलं. अधिकारी बाई म्हणाल्या, "असा फॉरमॅट आम्ही याआधी कधी पाहिला नव्हता." लोक हसले आणि काका कानापर्यंत लाल झाले. त्यांनी प्रस्तावना सुरू केली. आपण कोण, टेस्टिंग म्हणजे काय, एक्स्पेक्टेड म्हणजे काय, ॲक्च्युअल म्हणजे काय. जानेवारीवर पोचेपर्यंत घंटा झाली. ते पानं सावरत राहिले. "वन मिनिट," म्हणाले, पण नियम म्हणजे नियम, आणि नियम मोडणारा माणूस तो नव्हताच. येऊन खुर्चीत बसले. चेहरा असा पडला होता की मला माझ्या सगळ्या शुक्रवारांची माफी त्यांना द्यावीशी वाटली.

आणि पुढचं नाव पुकारलं ते काकूंचं.

"माझं कसं काय?" काकू दचकून म्हणाल्या. झालं असं होतं की दारातला तो कागद त्यांना हजेरीचा वाटला. हळदीकुंकवाला मंडळाच्या वहीत नाव लिहितो तसं त्यांनी ठसठशीत अक्षरात नाव लिहून टाकलं होतं, खाली फोन नंबरसकट.

"नको म्हणून सांग त्यांना," काकू माझ्या कानात म्हणाल्या.

"जा," काका म्हणाले. "मेकॅनिकचं सांग. माझं राहिलं."

काकू गेल्या. माइक त्यांच्या कपाळाच्या उंचीवर होता, तो कुणीतरी खाली करून दिला. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण आवाज तोच, फ्रिस्कोच्या स्वयंपाकघरातला. त्या जे बोलल्या ते मला आठवतं तसं मराठीत सांगते.

"माझे मिस्टर तुम्हाला पक्ष्यांचं सांगत होते. त्यांचं बरोबर असतं, पण ते वेळेत संपत नाही. मला पक्ष्यांतलं कळत नाही, सोन्यातलं कळतं." त्यांनी हात वर केला. "या पाटल्या माझ्या आईच्या. त्याच्या आधी हे तिच्या सासूचे गोठ होते. ते मोडले, आटवले, त्याच्या या केल्या. उद्या कुणी याच्या बांगड्या करेल. आमच्या घरात सोनं कुणी टाकून देत नाही. मोडायचं आणि घडवायचं. तुम्हीपण तसं करा ना. जगात जमिनीच्या वर इतकं सोनं आहे, ते घडवा. ती जागा एकदा मोडली, की ती घडवून देणारा सोनार मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का?"

घंटा वाजायच्या आधीच त्या परत येऊन बसल्या. टाळ्यांचा कडकडाट वगैरे झाला नाही. थोडे लोक टाळ्या वाजवत होते, थोडे नव्हते. पुढच्या रांगेतली काऊबॉय बूट घातलेली एक म्हातारी वळली आणि पाटली जवळून बघायला मिळेल का म्हणाली. काकूंनी हात पुढे केला.

बाहेर आल्यावर काका गाडीपाशी दिसेनात. शोधलं तर पार्किंगच्या टोकाला दोन्ही खुर्च्या उलगडलेल्या, एकीत हे आणि दुसरीत तो टोपीवाला तरुण. काय बोलत होते कोण जाणे. बराच वेळ बसले होते.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत आमच्या ऑफिसात कपात झाली. सुनावणीचा आणि तिचा काही संबंध नव्हता, पूर्ण टेस्टिंगची टीमच गेली. पण आमच्या काही लोकांना संबंध जोडायचाच होता, त्यांनी तो जोडला. नोकरी गेली की व्हिसावाल्याच्या हातात जेमतेम दोन महिने असतात. दुसरं काम शोधा, नाहीतर देश सोडा. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला दोन महिन्यांत काम कोण देतं? आम्ही सगळ्यांनी ओळखी काढल्या, रेझ्युमे पाठवले. काका इंटरव्ह्यूंना इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि नंतर फोन करून सांगायचे, "एक्स्पेक्टेड होतं तेच झालं."

एकदा मात्र म्हणाले, "त्या टोपीवाल्या मुलाचं बरोबर होतं गं. हाताला काम नसलं की डोळ्यांना वाळवंट दिसत नाही. मला पण दिसून नाही राहिलं सध्या."

"मग? खाण होऊ द्यायची?"

"नाही. त्याला काम मिळालं पाहिजे. आणि मेकॅनिकचं घर राहिलं पाहिजे. हे दोन वेगळे बग आहेत. एक क्लोज करायला दुसरा उघडायचा नसतो." मग हळूच म्हणाले, "निकाल लागेल तेव्हा मी इथे नसणार, एवढंच वाईट वाटतं. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल."

घर आवरायला मी जात होते. काकूंनी मिक्सर मला दिला, कुकर शेजारच्या गुजराती वहिनींना. निघायच्या दिवशी काकांनी स्वतःच्या गाडीची डिकी उघडली, दोन्ही खुर्च्या काढल्या आणि माझ्या डिकीत ठेवल्या. एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या रांगेतून त्यांनी मागे वळून हात केला. काकूंच्या पाटल्यांमुळे तिथली घंटा वाजली, आणि त्या गडबडीत ते दोघं कधी आत गेले ते मला कळलंच नाही.

निकाल त्यांच्यामागून आला. परवानगी तूर्त नाही. पक्षी घरटी करतात त्या मोसमात नव्याने पाहणी व्हावी, मग विचार करू. खाण रद्द झाली नव्हती, पण खुंट्यांच्या पुढे काम सरकणार नव्हतं. मी नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळ होती. काकूंनी 'अगं बाई' एवढंच म्हटलं आणि त्यांना हुंदका आला. फोन काकांकडे गेला.

"म्हणजे रीटेस्ट," ते म्हणाले. आवाज साधाच होता. "सरकार पाहील त्यांचं. पण तू मे महिन्यात जाशील? पाहून येशील? फोटो वगैरे नंतर. आधी पाहून तर घे."

गेले. नवरा आणि मुलगी कुरकुरत बरोबर. काकांनी सांगितलेल्या मातीच्या रस्त्याने, सांगितलेल्या वळणावर गाडी थांबवली. खुंट्या होत्या, पण रिबिनी उन्हाने पांढऱ्या पडल्या होत्या आणि बऱ्याचशा उडून गेल्या होत्या. मी डिकीतून खुर्च्या काढल्या. एकीत मी बसले, दुसरी रिकामी ठेवली. नवरा गाडीला टेकून फोन वर धरून रेंज शोधत होता. "काय आहे इथे?" त्याने विचारलं. पहिली काही मिनिटं खरोखरच काही नव्हतं. मग एक सरडा दिसला. मग उन्हात त्या झुडपांची नखाएवढी पानं चमकायला लागली. डावीकडे कललेल्या त्या खुर्चीत बसून मला काकांची फार आठवण आली.

आणि मागून आवाज आला. कुणीतरी गाडी स्टार्ट करत होतं, घर्र घर्र, आणि ती बंद पडत होती.

नवऱ्याने चमकून आधी आपल्या गाडीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. मुलगी म्हणाली, "समबडीज कार इज स्टक." मी हसत होते आणि डोळे पुसत होते. दोघांना म्हटलं, चला, मदत करू त्याला.

निवडुंगात घरटं होतं. तोंडाशी वाळलेल्या गवताबरोबर गुलाबी रिबिनीची एक चिंधी विणलेली, आणि आतून पिल्लांचा बारीक आवाज. मोटेलवर रेंज आल्यावर मी तो फोटो नागपूरला पाठवला. सकाळी उठले तेव्हा उत्तर आलेलं होतं.

"एक्स्पेक्टेड: मेकॅनिक. ॲक्च्युअल: मेकॅनिक. तरी क्लोज करू नको. पुढच्या मे महिन्यात परत पाहून ये. काकू विचारते, दुसऱ्या खुर्चीत कोण बसलं होतं?"

त्या दिवशी घरी परतायच्या आधी आम्ही पुन्हा तिथे गेलो, आणि माझा नवरा दुपारपर्यंत त्या खुर्चीतून उठला नाही.